यकृताच्या कर्करोगाबरोबर दुसरा कर्करोग : आयुर्मान, निदान आणि उपचारांची दिशा

यकृताचा कर्करोग झालेल्या काही रुग्णांमध्ये त्याआधी, त्याच सुमारास किंवा त्यानंतर दुसऱ्या एखाद्या अवयवात स्वतंत्रपणे उद्भवलेला कर्करोगही आढळतो. कोणाला पूर्वी तोंडाचा कर्करोग होऊन गेलेला असतो, कोणाच्या यकृतातील गाठीच्या तपासण्या चालू असतानाच मोठ्या आतड्यात दुसरी गाठ सापडते, तर कोणाला यकृताची शस्त्रक्रिया होऊन काही वर्षे लोटल्यावर फुप्फुसाचा कर्करोग होतो. अशा रुग्णाच्या आयुर्मानाचा प्रश्न कुटुंबासमोर येतो, तेव्हा बहुतेकांच्या मनात एक सरळ बेरीज तयार होते की, एका कर्करोगाने आयुष्य जितके घटते त्याच्या दुप्पट ते दोन कर्करोगांनी घटणार. वैद्यकीय अभ्यास या बेरजेला दुजोरा देत नाहीत. दुसऱ्या कर्करोगाच्या केवळ असण्यापेक्षा यकृताची कार्यक्षमता, यकृतातील गाठीची अवस्था आणि दोन्ही आजारांवर समूळ उपचार करण्याची शक्यता यांवर रुग्णाचे आयुष्य अधिक अवलंबून असते, असे त्यांतून दिसते; त्यामुळे दोन निदाने एकत्र कानी पडताच उपचारांचा विचार सोडून देणे रुग्णाला फार महागात पडू शकते.

यकृतात मुळातच सुरू होणाऱ्या कर्करोगाला प्राथमिक कर्करोग म्हणतात, आणि दुसऱ्या अवयवातील कर्करोगाच्या पेशी रक्तावाटे यकृतात येऊन तेथे वाढल्या तर त्याला दुय्यम किंवा पसरलेला कर्करोग म्हणतात. प्राथमिक कर्करोगाच्या तीन चतुर्थांशांहून अधिक रुग्णांमध्ये तो यकृताच्या मुख्य पेशींपासून निर्माण होतो. त्याला हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा असे नाव आहे आणि या लेखात ‘यकृताचा कर्करोग’ असे म्हटले आहे ते प्रामुख्याने त्याला उद्देशून. जागतिक अंदाजांनुसार २०२२ मध्ये यकृताच्या कर्करोगाचे सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ७ लाख ५८ हजार मृत्यू झाले. हा आजार बहुधा निरोगी यकृतात होत नाही. हेपॅटायटिस बी किंवा सी या विषाणूंचा दीर्घकाळचा संसर्ग, मद्यपान, किंवा मधुमेह व स्थूलतेबरोबर येणारी यकृतातील चरबी यांमुळे यकृत वर्षानुवर्षे सुजत राहते, त्यात व्रणांसारखे तंतू साठून ते कडक व गाठाळ होते, आणि सिरोसिस नावाच्या या अवस्थेच्या पायावर कर्करोग उभा राहतो. म्हणजे या रुग्णाला कर्करोग आणि निकामी होत चाललेले यकृत असे दोन आजार आधीच असतात व दुसऱ्या अवयवाचा कर्करोग हा तिसरा असतो. पुढील सर्व निर्णय घेताना हे ध्यानात ठेवावे लागते.

एकाच व्यक्तीला दोन स्वतंत्र कर्करोग झाले आहेत असे केव्हा मानावे, याचे निकष वॉरेन आणि गेट्स या अमेरिकी संशोधकांनी १९३२ मध्ये मांडले, आणि ते अजूनही वापरात आहेत. दोन्ही गाठी सूक्ष्मदर्शकाखाली निःसंशय कर्करोगाच्या असाव्यात, त्या एकमेकींपासून वेगळ्या असाव्यात आणि एक गाठ ही दुसरीचा प्रसार असण्याची शक्यता तपासून नाकारलेली असावी, असे त्या निकषांचे सार आहे. दोन्ही निदाने सहा महिन्यांच्या आत झाली तर त्यांना समकालिक आणि त्याहून अधिक अंतराने झाली तर त्यांना विषमकालिक म्हणण्याची पद्धत आहे. काही नोंदणी संस्था मात्र सहा महिन्यांऐवजी दोन महिन्यांची मर्यादा धरतात, त्यामुळे दोन अभ्यासांतील आकडे शेजारी ठेवताना सावध राहावे. यकृतातच दोन-तीन गाठी असणे हा वेगळा प्रकार होय. त्या बहुधा एकाच आजाराचा भाग समजल्या जातात आणि त्यांचा या विषयाशी संबंध नाही.

वरील तीन निकषांपैकी तिसरा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि घाईत दुर्लक्ष होते तेही त्याच्याकडेच. मोठे आतडे, जठर, स्वादुपिंड, स्तन आणि फुप्फुस यांच्या कर्करोगांचा प्रसार यकृतात वारंवार होतो. त्यामुळे यांपैकी एखादा कर्करोग असलेल्या रुग्णाच्या यकृतात गाठ दिसली की ‘लिव्हरमध्ये पसरले आहे’ असा निष्कर्ष पटकन निघतो, आणि आजाराची अवस्था चौथी ठरते. पण तीच गाठ यकृताची स्वतःची असेल तर सारा हिशेब बदलतो, कारण मग आतड्याचा कर्करोग दुसऱ्या अवस्थेत आणि यकृताचा कर्करोग सुरुवातीच्या अवस्थेत असू शकतो, आणि दोन्ही काढून टाकण्याजोगे असू शकतात. याउलटही घडते, म्हणजे सिरोसिसच्या रुग्णातील गाठ यकृताची आहे असे गृहीत धरले जाते आणि ती प्रत्यक्षात जठरातून आलेली निघते. अशा वेळी दिलेले औषध चुकीचे ठरते आणि हातातला वेळ जातो. म्हणून ज्या रुग्णाला पूर्वी कोणताही कर्करोग झाला आहे, त्याने वा त्याच्या नातेवाइकांनी यकृतातील गाठीबद्दल डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न हा की, ही गाठ यकृताचीच आहे की बाहेरून आलेली, आणि ते कोणत्या तपासणीवरून ठरवले.

या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या तपासण्यांची थोडी ओळख असलेली बरी. सिरोसिस किंवा जुनाट हेपॅटायटिस बी असलेल्या रुग्णात, रक्तवाहिनीत रंगद्रव्य सोडून निरनिराळ्या क्षणी घेतलेल्या सीटी स्कॅन किंवा एमआरआयमध्ये एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ आधी भोवतालच्या भागापेक्षा उजळ आणि नंतर फिकी दिसली, तर बायोप्सीशिवायही यकृताच्या कर्करोगाचे निदान मान्य होते. सुईने गाठीचा लहानसा तुकडा काढून तपासणे म्हणजे बायोप्सी. ती टाळता येणे ही एरवी मोठी सोय आहे. दुसऱ्या कर्करोगाचा इतिहास असेल तेव्हा मात्र केवळ प्रतिमेवर विसंबणे धोक्याचे असते आणि बायोप्सीचे पारडे जड होते. सुईमुळे कर्करोग पसरेल ही भीती समाजात खोलवर रुजलेली आहे. तिला काही आधार आहे हेही मान्य केले पाहिजे, कारण सुईच्या मार्गावर कर्करोगाच्या पेशी रुजण्याचे प्रमाण २००८ मधील एका एकत्रित विश्लेषणात सुमारे २.७ टक्के आढळले होते. परंतु चुकीच्या आजारावर महिनोन्महिने उपचार होण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे, आणि ज्या रुग्णात मूळ अवयवाबद्दल शंका आहे त्याच्या बाबतीत हा छोटा धोका पत्करणे बहुधा शहाणपणाचे ठरते. जेथे गाठ सरळ शस्त्रक्रियेने काढायचीच असते, तेथे मात्र आधी सुई न घालता काढलेल्या भागाचीच तपासणी करण्याचा निर्णय शल्यचिकित्सक घेऊ शकतात.

बायोप्सीच्या तुकड्यावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री नावाची तपासणी होते. यात विशिष्ट प्रथिने रंगवून पेशी मुळात कोणत्या अवयवाच्या आहेत हे ओळखले जाते. आर्जिनेज-१, हेपपार-१ आणि ग्लिपिकन-३ ही प्रथिने यकृतपेशींकडे निर्देश करतात, सीके-२० आणि सीडीएक्स-२ एकत्र आढळल्यास संशय मोठ्या आतड्याकडे वळतो, तर गाटा-३ स्तनाकडे. यांपैकी कोणतेही एक प्रथिन निर्णायक नसते आणि त्यांच्या संचावरून निष्कर्ष काढला जातो. म्हणून अहवालात एकाच चाचणीच्या आधारे ठाम विधान असेल तर दुसऱ्या विकृतिशास्त्रज्ञाचे मत घेणे योग्य. अल्फा-फीटोप्रोटीन या रक्तचाचणीबद्दलही असाच गैरसमज आहे. तिचा आकडा फार वाढलेला असला तर यकृताच्या कर्करोगाचा संशय बळावतो हे खरे, पण यकृताच्या अनेक कर्करोगांत तो वाढतच नाही, आणि जठराच्या काही विशिष्ट कर्करोगांत व अंडकोशाच्या किंवा बीजांडकोशाच्या जननपेशींपासून होणाऱ्या गाठींतही तो वाढतो.

पेट स्कॅनविषयी तर स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे, कारण ‘संपूर्ण शरीराचे स्कॅन झाले, त्यात लिव्हर स्वच्छ आहे’ या वाक्यावर कुटुंबे निर्धास्त होतात. नेहमीच्या पेट स्कॅनमध्ये साखरेसारखे किरणोत्सारी द्रव्य वापरले जाते आणि ते जास्त शोषणाऱ्या पेशी चमकतात. यकृताच्या कर्करोगाच्या पेशी, विशेषतः सावकाश वाढणाऱ्या, हे द्रव्य पुरेसे धरून ठेवत नाहीत. त्यामुळे दुसऱ्या कर्करोगासाठी केलेल्या पेट स्कॅनमध्ये यकृताची गाठ सुटून जाण्याची शक्यता बरीच असते, आणि ज्याला सिरोसिस आहे त्याने यकृतासाठी रंगद्रव्ययुक्त सीटी किंवा एमआरआय वेगळे करून घेणे आवश्यक ठरते. आणखी एक पेच स्तनाच्या कर्करोगात येतो. यकृतात पसरलेल्या त्या कर्करोगावर केमोथेरपी दिल्यावर यकृत आक्रसून सिरोसिससारखे दिसू लागते. ही बाब स्कॅन वाचणाऱ्याला ठाऊक नसेल तर तो गाठींचा अर्थ चुकीचा लावू शकतो. म्हणून जुन्या आजाराची, शस्त्रक्रियेची, केमोथेरपीची आणि किरणोपचारांची तारीखवार माहिती स्कॅनच्या मागणीपत्रावर लिहिली जाते आहे याची खात्री नातेवाइकांनी करून घ्यावी.

व्यवहारात सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे पूर्वीच्या बायोप्सीचे किंवा शस्त्रक्रियेचे ब्लॉक. शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवून जपला जातो. त्याला ब्लॉक आणि त्याच्या पातळ कापांना स्लाइड म्हणतात. दहा वर्षांपूर्वीच्या कर्करोगाचा ब्लॉक मिळाला तर तो आजच्या गाठीशी ताडून पाहता येतो आणि दोन्ही एकच आहेत की वेगळ्या, हे बरेचदा नेमके सांगता येते. पुष्कळ घरांत फक्त डिस्चार्ज कार्ड सांभाळलेले असते आणि ब्लॉक रुग्णालयातच राहून जातात. रुग्णालये ते ठराविक मुदतीपर्यंतच ठेवतात. त्यामुळे उपचार संपताना ते मागून घ्यावेत, ऊन व उष्णता लागणार नाही अशा जागी ठेवावेत आणि दुसरीकडे नेताना पोच घेतल्याशिवाय कोणाच्या हाती देऊ नयेत.

यकृताच्या कर्करोगाबरोबर दुसरा कर्करोग आढळण्याचे प्रमाण निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत वेगवेगळे आहे. शेकडा दोन-तीन रुग्णांपासून दहाच्या आसपासपर्यंत ते दिसते. जपान आणि चीनमध्ये जठराच्या कर्करोगाची जोडी ठळकपणे दिसते, कारण त्या समाजांत तो कर्करोगच अधिक आहे. भारतात पुरुषांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक असून तंबाखू, मिश्री, गुटखा आणि दारू यांचे एकत्र सेवन पाहता येथे वेगळ्या जोड्यांकडे लक्ष ठेवणे सयुक्तिक आहे. दोन कर्करोग एकाच व्यक्तीला का होतात, याचे उत्तर पुष्कळदा त्यांच्या समान मुळांत असते. मद्य यकृताबरोबर तोंड, घसा, अन्ननलिका, मोठे आतडे आणि स्तन यांच्या कर्करोगालाही कारणीभूत ठरते. तंबाखूचा संबंध फुप्फुस आणि तोंडाबरोबरच यकृत व मूत्राशयाशीही आहे. हेपॅटायटिस सीमुळे काही प्रकारचे लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचे कर्करोग, होतात. आणि स्थूलता व मधुमेह गर्भाशय, मोठे आतडे व मूत्रपिंड यांचाही धोका वाढवतात. काही वेळा मात्र वाढत्या वयाखेरीज कोणतेही सामाईक कारण हाती लागत नाही.

आयुर्मानाविषयीच्या अभ्यासांकडे वळले की एक चकित करणारी बाब समोर येते. अनेक रुग्णालयांच्या नोंदींत दोन कर्करोग असलेल्या रुग्णांचे आयुर्मान केवळ यकृताचा कर्करोग असलेल्या रुग्णांपेक्षा कमी भरत नाही, आणि काहींत तर ते अधिकही भरते. याचा अर्थ दुसरा कर्करोग उपकारक आहे असा अर्थातच नाही. एक कारण असे की, पहिल्या कर्करोगामुळे जो रुग्ण नियमित तपासणीला येत असतो त्याची यकृतातील गाठ लहान असतानाच सापडते आणि तिच्यावर समूळ उपचार शक्य होतात. दुसरे कारण संख्याशास्त्रीय आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहे. यकृताचा कर्करोग झाल्यावर पाच वर्षांनी ज्याला दुसरा कर्करोग झाला, तो रुग्ण ती पाच वर्षे जगलेला आहे हे उघडच आहे. जे त्याआधीच दगावले त्यांना दुसरा कर्करोग होण्याइतका अवधीच मिळाला नाही. लग्नाचा सुवर्णमहोत्सव साजरा करणारी जोडपी इतरांपेक्षा दीर्घायुषी असतात, पण त्या समारंभाने त्यांचे आयुष्य वाढलेले नसते, तसाच हा प्रकार आहे. म्हणून अशा आकड्यांवरून फाजील आशाही बाळगू नये. दोन्ही कर्करोग एकाच वेळी सापडलेल्या रुग्णांमध्ये परिणाम साधारणपणे अधिक वाईट, तर मधे बराच काळ गेलेल्या रुग्णांमध्ये अधिक चांगले आढळतात, आणि त्यातही वरील संख्याशास्त्रीय भ्रमाचा काही वाटा असतो.

तरीही या अभ्यासांतून निघणारा एक निष्कर्ष भक्कम वाटतो, तो असा की, दोन कर्करोगांपैकी यकृताचा कर्करोगच बहुतेक वेळा आयुष्याची मर्यादा ठरवतो आणि मृत्यूचे कारणही तो किंवा यकृत निकामी होणे हेच अधिक असते. अमेरिकेतील राष्ट्रीय नोंदींनुसार यकृताच्या कर्करोगाच्या सर्व रुग्णांचे पाच वर्षांचे सापेक्ष जीवितप्रमाण, म्हणजे त्याच वयाच्या सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत काढलेले प्रमाण, सुमारे २२ टक्के आहे. आजार यकृतापुरता मर्यादित असताना सापडल्यास ते ३७ टक्क्यांच्या आसपास जाते आणि दूरच्या अवयवांत पसरल्यावर तीन-चार टक्क्यांवर येते. पापिलरी प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग, सुरुवातीच्या अवस्थेतील स्तनाचा किंवा आतड्याचा कर्करोग, सावकाश वाढणारा प्रोस्टेटचा कर्करोग यांचे परिणाम याहून पुष्कळच चांगले असतात, आणि म्हणून तेथे यकृताकडे आधी लक्ष देणे रास्त ठरते. स्वादुपिंडाचा किंवा पसरलेला फुप्फुसाचा कर्करोग असेल तर मात्र क्रम उलटतो. डॉक्टरांशी बोलताना ‘एकूण किती दिवस’ असे विचारण्याऐवजी दोन्ही कर्करोगांची अवस्था वेगवेगळी विचारून, त्यांपैकी रुग्णाच्या जिवाला आधी धोका कोणाचा आहे हे समजून घेतले तर पुढचे मार्ग स्पष्ट होतात.

यकृताची कार्यक्षमता मोजण्यासाठी चाइल्ड-प्यू नावाची गुणपद्धत वापरतात. तीत रक्तातील बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, पोटात साठलेले पाणी आणि यकृताच्या बिघाडामुळे मेंदूवर झालेला परिणाम यांना गुण दिले जातात. ५-६ गुण म्हणजे अ वर्ग, ७ ते ९ म्हणजे ब आणि १० ते १५ म्हणजे क. ‘अ’ वर्गातील रुग्णाला दोन शस्त्रक्रिया किंवा शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी असा भार सोसण्याची शक्यता असते, तर ‘क’ वर्गातील रुग्णात यकृताची गाठ लहान असूनही इतर उपचार झेपत नाहीत. म्हणून दुसऱ्या कर्करोगाची शस्त्रक्रिया ठरवणाऱ्या शल्यचिकित्सकाला रुग्णाचा चाइल्ड-प्यू वर्ग आणि प्लेटलेटची संख्या सांगितलीच पाहिजे. एक लाखाच्या खाली गेलेल्या प्लेटलेट बहुधा यकृताकडे जाणाऱ्या शिरेतील दाब वाढल्याचे सुचवतात, आणि अशा रुग्णाच्या पोटातील शस्त्रक्रियेत रक्तस्राव व यकृत ढासळण्याचा धोका बराच वाढतो.

यकृताच्या लहान गाठीवर समूळ उपचार म्हणजे तो भाग कापून काढणे, उष्णतेने गाठ जाळणे किंवा यकृताचे प्रत्यारोपण. ते शक्य नसल्यास गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमनीत औषध सोडून ती बंद करणे, नेमका किरणोपचार आणि अखेरीस संपूर्ण शरीरावर काम करणारी औषधे असा क्रम येतो. दोन कर्करोग असताना यांतील कमी त्रासाच्या पद्धतींचे मोल वाढते: तीन सेंटिमीटरपर्यंतची गाठ जाळून टाकण्यासाठी रुग्णालयात फार दिवस राहावे लागत नाही, आणि त्यानंतर दुसऱ्या कर्करोगाचे उपचार लवकर सुरू करता येतात. निवडक रुग्णांत आतड्याची व यकृताची गाठ एकाच शस्त्रक्रियेत काढतात, पण त्यासाठी उरणारे यकृत पुरेसे असावे लागते आणि सिरोसिसमध्ये ते सुमारे ४० टक्के तरी असावे असा संकेत आहे. औषधांच्या बाबतीत एक दिलासा असा की, काही औषधे दोन्ही आजारांवर चालतात. लेन्व्हॅटिनिब यकृत, थायरॉइड व मूत्रपिंड यांच्या, कॅबोझॅन्टिनिब मूत्रपिंड व यकृताच्या, रेगोराफेनिब मोठे आतडे व यकृताच्या कर्करोगात मान्य आहे, आणि प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या इम्युनोथेरपीचा उपयोग यकृत, फुप्फुस व जठर अशा अनेक ठिकाणी होतो. अॅटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब या जोडीने पुढच्या अवस्थेतील रुग्णांचे मध्यम आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक काळ जगतात तो अवधी, १३.४ महिन्यांवरून १९.२ महिन्यांपर्यंत गेल्याचे मोठ्या चाचणीत दिसले. परंतु अशा चाचण्यांत दुसरा कर्करोग असलेल्या रुग्णांना बहुधा घेतलेच जात नाही, त्यामुळे ते आकडे त्यांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. बेव्हॅसिझुमॅबमुळे रक्तस्राव होऊ शकतो व जखम भरण्यास अडथळा येतो, म्हणून ते सुरू करण्याआधी अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा एन्डोस्कोपीने पाहाव्यात, आणि दुसऱ्या कर्करोगाची शस्त्रक्रिया ठरली असल्यास औषध काही आठवडे आधी थांबवावे लागते.

दुसऱ्या कर्करोगासाठी केमोथेरपी देण्यापूर्वी एक साधी रक्तचाचणी कोणत्याही परिस्थितीत चुकवू नये, ती म्हणजे हेपॅटायटिस बीची. शरीरात सुप्त राहिलेला हा विषाणू केमोथेरपीने, आणि विशेषतः लिम्फोमात दिल्या जाणाऱ्या रिटुक्सिमॅबने, पुन्हा उसळतो आणि कर्करोगातून वाचणारा रुग्ण यकृत निकामी होऊन दगावू शकतो. एचबीएसएजी या चाचणीबरोबर पूर्वीच्या संसर्गाची खूण दाखवणारी अँटी-एचबीसी चाचणीही मागावी. संसर्ग आढळल्यास एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर ही गोळी केमोथेरपीआधीच सुरू करून ती संपल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने घ्यावी; बरे वाटले म्हणून मधेच बंद करणे घातक ठरते. राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला असून त्याअंतर्गत सरकारी केंद्रांत बी आणि सी या दोन्हींची तपासणी व औषधे मोफत मिळतात. केमोथेरपीच्या काही औषधांचा थेट भारही यकृतावर पडतो आणि बिलिरुबिन वाढलेले असल्यास डॉक्सोरुबिसिन व टॅक्सेन गटातील औषधांची मात्रा कमी करावी लागते, म्हणून प्रत्येक फेरीआधी यकृताच्या रक्तचाचण्या झालेल्या असाव्यात.

प्रत्यारोपणाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. यकृतात पाच सेंटिमीटरपर्यंतची एकच गाठ किंवा प्रत्येकी तीन सेंटिमीटरपर्यंतच्या जास्तीत जास्त तीन गाठी असाव्यात, हे १९९६ मध्ये मिलानमधून मांडले गेलेले निकष प्रत्यारोपणाचा पाया आहेत. दुसरा कर्करोग सक्रिय असताना प्रत्यारोपण करत नाहीत, कारण नवे यकृत टिकवण्यासाठी द्यावी लागणारी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे उरलेल्या कर्करोगाला मोकळे रान देतात. जुना कर्करोग बरा झालेला असल्यास किती वर्षे थांबावे, हे पूर्वी सरसकट ठरवले जाई. आता तो कोणत्या प्रकारचा व कोणत्या अवस्थेत होता यावरून ठरवतात. त्यामुळे ‘कधीकाळी कर्करोग झाला होता म्हणून प्रत्यारोपण नाही’ असे एकदा ऐकून थांबू नये, तर त्या कर्करोगाच्या तज्ज्ञाचे लेखी मत घेऊन प्रत्यारोपण केंद्राकडे जावे. प्रत्यारोपण झालेल्यांना त्वचा, तोंड व लसिकाग्रंथी यांची तपासणी आयुष्यभर चालू ठेवावी लागते.

असे गुंतागुंतीचे निर्णय एका डॉक्टरने एकट्याने घेण्यासारखे नसतात. यकृततज्ज्ञ, कर्करोगतज्ज्ञ, शल्यचिकित्सक, किरणोपचारतज्ज्ञ आणि विकृतिशास्त्रज्ञ एकत्र बसून रुग्णाची फाईल पाहतात त्या बैठकीला ट्यूमर बोर्ड म्हणतात, आणि दोन कर्करोग असलेल्या रुग्णाने तिचा आग्रह धरावा. मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कार्यरत आहे आणि त्याच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातील अनेक रुग्णालये जोडलेली आहेत. त्यामुळे गावाजवळ उपचार चालू ठेवून निदानाचा फेरविचार मोठ्या केंद्रात करून घेणे हा मार्ग कित्येक कुटुंबांना परवडणारा असतो. खर्चासाठी महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि गोव्यात दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. दोन्ही कर्करोगांचे उपचार योजनेच्या वेगवेगळ्या घटकांत बसतात की नाही हे महाराष्ट्रातील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच विचारावे.

घरी पाळायच्या गोष्टींत आहाराबद्दल सर्वाधिक गैरसमज आहेत. सिरोसिसच्या रुग्णाला डाळी, अंडी, दूध बंद करून पेज आणि फळांच्या रसावर ठेवण्याची जुनी रीत हानिकारक आहे, कारण स्नायू झडलेला रुग्ण शस्त्रक्रिया आणि औषधे कमी सोसतो. दररोज शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे सुमारे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने द्यावीत आणि रात्री झोपण्यापूर्वी थोडेसे खायला द्यावे, असा तज्ज्ञांचा सल्ला असतो. पोटात पाणी असल्यास पापड, लोणचे व वरून घेतलेले मीठ टाळावे. वेदनेसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या दुकानातून आणून देऊ नयेत. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेत, बहुधा दिवसाला दोन ग्रॅमपर्यंत, तुलनेने सुरक्षित असते. काढे आणि चूर्णांच्या बाबतीत सावधगिरी हवी. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याची प्रकरणे मुंबईतील तज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती, आणि आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला असला तरी आधीच दुबळ्या झालेल्या यकृतावर असा प्रयोग करू नये. दारू आणि तंबाखू पूर्णपणे सोडणे हे दोन्ही कर्करोगांवरील उपचारांचाच भाग मानावे.

यकृताची गाठ काढल्यानंतरही पाच वर्षांत सुमारे ७० टक्के रुग्णांत ती पुन्हा उद्भवते, म्हणून पहिली दोन वर्षे साधारण दर तीन-चार महिन्यांनी स्कॅन आणि अल्फा-फीटोप्रोटीनची तपासणी करतात. दोन्ही आजारांच्या तपासण्यांचे एकच वेळापत्रक करून घ्यावे, म्हणजे एका विभागाने केलेले स्कॅन दुसऱ्यालाही उपयोगी पडते, रंगद्रव्याचा भार मूत्रपिंडावर दोनदा पडत नाही आणि कोणतीही तपासणी दोन विभागांच्या मधे हरवत नाही. जेथे समूळ उपचार शक्य नाहीत तेथे वेदनाशमन व उपशामक सेवा सुरुवातीपासूनच जोडून घ्यावी. सिरोसिसमध्ये मॉर्फिनचे प्रमाण कमी आणि अंतर जास्त ठेवावे लागते, तसेच त्याने होणारा मलावरोध रुग्णाच्या शुद्धीवर परिणाम करू शकतो, हे त्या तज्ज्ञांना ठाऊक असते. रुग्णाला हेपॅटायटिस बी असेल तर पती किंवा पत्नी, भावंडे आणि मुले यांची एचबीएसएजी तपासणी त्याच आठवड्यात करून घ्यावी, संसर्ग नसलेल्यांना लशीचे तिन्ही डोस द्यावेत आणि संसर्ग आढळलेल्यांची नोंद यकृततज्ज्ञाकडे करावी, कारण त्यांच्यापैकी ज्यांना गरज असेल त्यांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी सुरू झाली तर गाठ झालीच तरी ती लहान असतानाच सापडू शकते.